आज जायचं नाही!

मातान्सासच्या किनाऱ्यावर तीन दिवसांपासून सप्टेंबरातला पहिला दक्षिणेचा वारा सुटला होता आणि मोठ्या पतंगाच्या ओढीनं फळीवर उभं राहून लाटांवरून धावणाऱ्यांचा हंगाम सुरू झाला होता. एम्पनाडा तळणाऱ्या टपरीपुढे रांगेत माझ्या पुढे म्हातारे एलेओदोरो उभे होते, गार पाण्यात घालायचा रबरी वेटसूट कमरेपर्यंतच चढवलेला. त्यांच्या पुढे त्यांची शेजारीण यास्ना, नुकतीच समुद्रातून आलेली.

"काका, आज तिसरा दिवस. सूट घालता, रांगेत उभे राहता, एम्पनाडा खाता आणि घरी जाता."

"वारा कमी आहे."

"कमी? माझ्या छोट्या पतंगानंसुद्धा मला फळीसकट उचललं!"

"मग जास्त असेल."

"एक काय ते ठरवा. गार पाण्याला घाबरलात होय?"

"वीस वर्षं याच पाण्यात उतरतोय, पोरी. घाबरतो कसला!"

"मग अडलंय कुठं?"

"माझी फ्रेसिया होती तोवर हंगामाच्या पहिल्या दिवशी ती पाण्यात पाय बुडवायची आणि बोंब मारायची, 'बर्फ आहे नुसता! मरशील, एलेओ! आज जायचं नाही!'"

"आणि तुम्ही?"

"लगेच जायचो. दरवर्षी. पतंगही तीच धरायची, शिव्या देत."

"आणि आता?"

"आता कुणी नको म्हणतच नाही गं. पायच उचलत नाही."

यास्नानं ओले हात त्यांच्यापुढे धरले.

"काका, पाणी बर्फासारखं आहे. माझी बोटं बघा, अजून बधिर आहेत."

"बरं मग?"

"मराल. आज जायचं नाही!"

"असं म्हणतेस?"

"म्हणते."

"मग सुटाची मागची चेन ओढ पाहू. आणि पतंग धरायला चल."

रांगेत मी दोन माणसं पुढे सरकलो.