तेविसाव्या पवनचक्कीचं लेबल

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होणारे आपले फिटरमामा, पहिल्या रांगेत बसलेल्या मामी आणि पवनचक्क्यांवरच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मामांच्या जीपने माझी हाडं खिळखिळी करायला वीस वर्षं घेतली, त्या मानाने ही फारच थोडी.

मामींसाठी आधी माझं काम सांगते. प्रत्येक पवनचक्कीच्या पायथ्याशी विजेचं पॅनेल असतं. त्यात ठिणगी उडाली, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जाळाचा लोळ बाहेर येतो. ब्रेकर वीज तोडायला जितका उशीर लावेल, तितका जाळ मोठा. तो उशीर ब्रेकरवरच्या एका बटणाने ठरतो. मी ते जागेवर जाऊन बघायचं, हिशेब मांडायचा आणि दारावर लेबल लावायचं: इतकं दूर उभे राहा, अमुक जाडीचा सूट घाला. खाली माझी सही. माणसं त्या सहीच्या भरवशावर दार उघडतात.

अकरा वर्षांपूर्वी चाळीस पवनचक्क्या मामा आणि मी मिळून पाहिल्या. म्हणजे एकोणचाळीस. तेविसावीच्या वाटेवर चिखल होता, माझा गुडघा ठणकत होता. मी म्हटलं, "राहू द्या मामा, विजेच्या नकाशात बटणाचा आकडा आहे."

"नकाशाला काय, त्याला चिखल लागत नाही," मामा म्हणाले आणि त्यांनी जीप माघारी वळवली. लेबल मी कार्यालयात बसून केलं: साधा कोट पुरेल.

महिन्याभराने मामांना तेच पॅनेल उघडायला सांगितलं गेलं. ते नाही म्हणाले. साहेबांनी कारण विचारलं, तर "आज नाही उघडत", एवढंच. काम अडलं, मामांना मेमो मिळाला. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

"बाई, तेविसावीला आपण गेलोच नव्हतो. उद्या जाऊ या. गुडघ्याला पट्टा बांधून या."

गेलो. लांबून वीज तोडून दार उघडलं. कुणीतरी बटण फिरवून ठेवलं होतं. उशीर नकाशातल्या आकड्याच्या पाचपट. साध्या कोटात मामा... मामी, पुढचं मी बोलत नाही.

मी लेबल बदललं. अहवालात 'सेटिंग बदललेले आढळले' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. त्या अहवालाबद्दल मला ढाल मिळाली. मामांचा मेमो फाइलीत राहिला आणि त्या वर्षीची त्यांची बढती हुकली. एकदा जीपमध्ये मी विषय काढला, तर म्हणाले, "बाई, मला रस्त्याकडे बघू द्या."

शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, कबुली उभं राहून द्यावी. मला उभं राहायला अकरा वर्षं लागली. सगळं खरं लिहून, मेमो रद्द करावा अशी विनंती आज सकाळी मी अध्यक्षांच्या हाती दिली आहे. ढालही आणली होती. मघाशी दाखवली, तर मामा म्हणाले, "ती घरी कोण पुसत बसणार? तुमच्याकडेच राहू द्या."

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर आपण सगळे ते पोटात घालालच. तेविसावीचं मात्र एकट्या मामांनी पोटात घातलं, तेही मी न मागता.

आज मागते. मामा, मला क्षमा करा.