सखाकाकांचा बेडूक

पोलादपूर स्टँडवर कापड्याची गाडी अजून लागायची होती. मागच्या बाकावर एक काका आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्यांची पुतणी बसली होती.

“पूनम, कालेजात तू करतेस तरी काय गो? वाडीत लोक इचारतात.”

“कॉम्प्युटरला रानातले आवाज ओळखायला शिकवते, सखाकाका. तुमच्या गोठ्यामागच्या झाडाला आवाज टिपणारी पेटी बांधली होती ना? तिच्यातल्या आवाजांत कॉम्प्युटरला नवा बेडूक सापडलाय! त्याच्यावरच माझी पीएचडी होणार, आणि नोकरीसुद्धा.”

“तू बघितलास बेडूक?”

“बघायला कशाला पाहिजे? मशीन नव्व्याण्णव टक्के खात्रीनं सांगतंय. त्याला तुमचं नाव देणार आहे मी. झाड तुमचं ना!”

“बेडकाला माझं नाव? ओरडतो तरी कसा, ऐकव.”

“हा घ्या. रोज तिन्हीसांजेला ओरडतो. फक्त श्रावणात काही दिवस गप्प होता. सर म्हणाले, तेव्हा तो झोपतो. त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलंय.”

“झोपतोय कसला! श्रावणात मी डोळ्याच्या आपरेशनला मुंबईला होतो.”

“त्याचा काय संबंध?”

“ट्र्र्रुक! ट्र्र्रुक! म्हशींना असाच बोलावतो मी. मी नसलो की तुझी काकू त्यांना नुसत्या शिव्या घालते.”

“काका, परत करा. इकडे, लॅपटॉपकडे तोंड करून.”

“ट्र्र्रुक! काय म्हणतंय मशीन?”

“तुम्ही बेडूक आहात. नव्व्याण्णव टक्के.”

“मग रडतेस कशाला गो? नाव तरी बरोबर दिलंस!”