सोपानचा अनुभव

अण्णा, नवा ट्रक घेतलात, पण किल्ली कुणाच्या भरवशावर देणार?

आमच्या भोरचा सोपान शववाहिका चालवायचा. ती गाडी बंद झाली, घर चालेना. ट्रकचा परवाना होता, म्हणून मी त्याला किकवीच्या आबांकडं नेलं. त्यांचे ट्रक कांदा वाहतात.

आबांनी विचारलं, "अनुभव काय?"

"मेलेली माणसं घरी पोचवली, आबा. घाटातसुद्धा कुणाला हिसका बसू दिला न्हाई."

"आरं, मग माझ्या कांद्याला तुझा हात कशाला? भरल्या मालाला अपशकुन!"

सोपान चहा न पिताच उठला.

पुढं आबांची आई पुण्यात दवाखान्यात वारली. आबांचा मला फोन आला, "सोपानलाच धाडा. रस्ता लई खराब हाय, म्हातारीला धक्के बसतील."

सोपाननं दुसऱ्याची गाडी मागून तिला अलगद घरी आणलं. तेरावं झाल्यावर त्यानं विचारलं, "आबा, आता तरी ट्रक देता का?"

आबांचे डोळे भरले. "कसा देऊ, लेकरा? तुला बघितलं की आई आठवंल."

आबांनी आई सोपवली, कांदे नाही सोपवले.

सोपान अजून घरीच बसून आहे, अण्णा. उद्या त्याला तुमच्याकडं पाठवतो. त्याच्या अनुभवाचा हिशोब मांडाल, तेव्हा आबांच्या आईचा तो रस्ताही त्यात धरा. हिशोब तेवढा प्रामाणिक ठेवा.