पुनोचा मुक्काम

(भोपाळ, अवधपुरी. सकाळचे साडेदहा. कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यातून निवृत्त झालेले भालचंद्र आणि कोलार रोडवरून आलेली त्यांची मुलगी सुचेता टेबलाशी बसली आहेत. टेबलभर पेरूच्या सहलीचा तक्ता पसरलाय; मुलगा रवी तिथं लिमाला नोकरीत आहे. भालचंद्रांची बायको विजया शेजारच्या चार मजली इमारतीत जिने चढायला गेली आहे.)

सुचेता : बाबा, अरेकिपा उडवलंत तरी दोनच दिवस वाचतात.

भालचंद्र : अडीच. अरेकिपा ते पुनो बसचे सहा तास धरले होते, तेही वाचले. लिमाहून विमानानं थेट पुनोकडे जायचं.

सुचेता : आणि आईचा श्वास? तुम्हीच म्हणाला होतात, एकदम बारा हजार फुटांवर न्यायचं नाही. आधी अरेकिपाला दोन रात्री राहून सवय होऊ द्यायची. म्हणून तर तो मुक्काम घातला.

भालचंद्र : मग अरेकिपा राहू दे. कुस्को उडव.

सुचेता : कुस्को गेलं की माचूपिच्चू पण गेलं.

भालचंद्र : जाऊ दे. ते रवीच्या हौसेचं. तिनं कुठं मागितलं होतं? लिमा एक रात्र, अरेकिपा दोन, पुनो दोन, परत लिमा. जाण्यायेण्यासकट आठ-नऊ दिवसांत बसतंय बघ. म्हणजे अकरा ऑक्टोबरऐवजी सतराला निघालो तरी चालेल. आपल्याला सहा दिवसांचा फ्लोट मिळाला, सहा दिवस हातात शिल्लक.

सुचेता : फ्लोट-ब्लोट काय घेऊन बसलात? तुम्ही तिकडचे दिवस कापताय. प्रॉब्लेम इकडे आहे. आईचा पासपोर्टच नाहीये.

भालचंद्र : येईल.

सुचेता : कब? आत्ता तुमच्यासमोर लॅपटॉपवर बघितलं ना मी. होल्डवर आहे. चोवीस ऑगस्टला पत्र पाठवलंय असं दाखवतंय. आलं का पत्र?

भालचंद्र : चहा घेतेस?

सुचेता : बाबा.

भालचंद्र : आलं.

सुचेता : तीन हफ्ते झाले. कुठाय?

भालचंद्र : तक्त्याखाली.

सुचेता : काढा. द्या इकडे. "अर्जदाराचं नाव विजया भालचंद्र आठल्ये. सोबतच्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावरील नाव कमलिनी नरहर देशकर. दोन्ही व्यक्ती एकच असल्याबद्दल..." मॅट्रिकचं प्रमाणपत्र कुणी लावलं?

भालचंद्र : मी.

सुचेता : मी तुम्हाला पाच कागद सांगितले होते. मोजून पाच. पाचही विजया नावाचे. काम पाचात होत होतं.

भालचंद्र : मी चौदा लावले. अनुक्रमणिका करून, प्रत्येकाला चिठ्ठी लावून. खिडकीवरची मुलगी म्हणाली, अंकल, इतनी अच्छी फाइल आज तक नहीं देखी.

सुचेता : अच्छी फाइल. वाह.

भालचंद्र : सुचेता, मी छत्तीस वर्षं एकच शिकलो. कारखान्यात माल अडला तो कागद कमी पडला म्हणून. जास्त झाला म्हणून कधी अडलेला पाहिला नाही मी. फॉर्मवर रकाना होता, पूर्वीचं नाव असल्यास लिहा. होतं, म्हणून लिहिलं. पुरावा म्हणून प्रमाणपत्र जोडलं. तिच्या ट्रंकेत तळाशी होतं. मलाच केवढा आनंद झाला होता सापडल्याचा.

सुचेता : बायकांचं सासरचं नाव लागतं, आडनाव बदलतं, ते सगळे समजून घेतात. पण पूर्ण नावच वेगळं म्हटल्यावर ते काय करणार? त्यांच्यासाठी कमलिनी एक बाई, विजया दुसरी. आता प्रतिज्ञापत्र, मग दोन पेपरांत जाहिरात, मग परत अपॉइंटमेंट, परत पोलिसांची चौकशी. मैंने पूछा है बाबा, आमच्या ऑफिसात एकाचं असंच झालं होतं. दोन महिने. मग व्हिसा वेगळा.

भालचंद्र : समांतर करता येईल. जाहिरात आणि अपॉइंटमेंट एकाच वेळी...

सुचेता : नाही येत. एक झाल्याशिवाय दुसरं घेत नाहीत.

भालचंद्र : मग रवीला म्हणावं रजा पुढे ढकल.

सुचेता : त्याचा प्रोजेक्ट एकतीस ऑक्टोबरला संपतोय. एक तारखेला तो लिमातून निघाला की घानाला. तिथं कशाला जायचंय आईला? घानात तितिकाका आहे का?

भालचंद्र : माहितेय मला.

सुचेता : माहीत होतं तर तीन हफ्ते काय करत होतात?

भालचंद्र : रोज सकाळी बसून एकेक दिवस कमी करत होतो. मला वाटलं, कुठंतरी बसेल. आजवर बसत आलंय गं सगळं.

सुचेता : आईला सांगितलंत?

भालचंद्र : कसं सांगू? ती तिकडे जिने चढतेय.

विजया : कोण जिने चढतेय म्हणून राहिले? झाले माझे. आज आठ फेऱ्या. आठ गुणिले चार, बत्तीस मजले. सुचेता, तू केव्हा आलीस? थोडं पाणी दे गं. वरच्या मजल्यावरची मंदाकिनी रोज दार उघडून बघते. आज विचारलंच तिनं, काहून चढून राहिल्या हो एवढ्या, लिफ्ट तर चालू आहे. म्हटलं, पुनोला जायचंय, तिथं हवा पातळ असते. तर म्हणते, पुण्याला? म्हटलं पुण्याला जायला जिने कशाला चढू बाई.

सुचेता : बस आधी. पाणी घे.

विजया : डॉक्टर म्हणाले, सहा फेऱ्यांत धाप लागली नाही तर हरकत नाही. मला आठात नाही लागली. आणि शेजारच्या शोभाकडून लोकरीची टोपी आणली. बोटीत वारा फार असतो असं रवी म्हणाला. तुमची पण आणलीये. तक्ता परत पसरला का? आता काय बदललं?

भालचंद्र : काही नाही. थोडं मागेपुढे.

विजया : कुस्कोवर रेघ मारली?

भालचंद्र : हो.

विजया : मारा. मला चालते. रवीला म्हटलंच होतं मी, दगडी गाव बघायला जायचं तर आपलं भोजपूरचं दगडी देऊळ काय वाईट आहे. पुनोवर नाही ना मारली?

सुचेता : आई, तुझा पासपोर्ट अडलाय.

विजया : अडलाय म्हणजे?

सुचेता : ऑक्टोबरात नाही मिळणार.

विजया : मग केव्हा?

सुचेता : नोव्हेंबर संपता संपता. कदाचित डिसेंबर.

विजया : पण रवी तर...

सुचेता : हो.

विजया : तुम्ही काही बोला ना. तुम्ही तर म्हणाले होते फाइल एकदम पक्की आहे.

भालचंद्र : विजया, मी तुझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र जोडलं. गरज नव्हती. कुणी मागितलं नव्हतं. त्यावर कमलिनी आहे, म्हणून त्यांनी थांबवलं. चूक माझी आहे. पूर्णपणे माझी.

विजया : माझं प्रमाणपत्र तुम्हाला कुठं सापडलं?

भालचंद्र : ट्रंकेत. जुन्या शालूखाली.

विजया : मला वाटलं, पिपलानीचं कारखान्याचं क्वार्टर सोडताना हरवलं. भूगोलाचे मार्क दिसतात का अजून?

भालचंद्र : ब्याऐंशी.

विजया : आर्वीच्या केंद्रात पहिली होते. जेवताना अण्णा विचारायचे. आम्ही पाच भावंडं पाटावर. म्हणायचे, मोठ्या बोटी चालतात असं जगातलं सगळ्यात उंचावरचं सरोवर कोणतं? बाकीचे भात चिवडत बसायचे. मी म्हणायचे तितिकाका. कुठं? पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर. मग अण्णा स्वतःच्या हातानं तूप वाढायचे मला. एकटीला.

सुचेता : हे तू कधी सांगितलं नाहीस.

विजया : कुणाला सांगू? तुमच्या वडिलांबरोबर एलटीसीवर रामेश्वर, पुरी, सिमला, सगळं झालं. तक्ता यांचा, स्टोव्ह माझ्या हातात. कुठं जायचं हे कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता रवीनं फोनवर विचारलं, आई तुला काय बघायचंय? तर माझ्या तोंडून ते निघूनच गेलं. मलाच नवल वाटलं. चाळीस वर्षं आत बसून होतं जसं काही.

भालचंद्र : तुला माझा राग नाही येत का? येऊ दे.

विजया : राग येऊन काय पासपोर्ट येते का? पण एक विचारू? माझं नाव बदललं कशाला होतं तुम्ही?

भालचंद्र : पद्धत होती. ताटात तांदूळ पसरून आईनं हातात अंगठी दिली, म्हणाली लिही. सगळे भोवती उभे. मला कमलिनी वाईट वाटलं नव्हतं. पण काहीतरी नवीन लिहायलाच हवं होतं. विजया लिहिलं. ठरवून असं नाही. सोपं होतं, जोडाक्षर नव्हतं. तांदळात बोट नीट फिरलं.

विजया : मी ताटाकडे बघत होते. मला वाटलं होतं, मला विचाराल.

भालचंद्र : तेव्हा विचारत नसत.

सुचेता : म्हणूनच माझ्या लग्नात तू ताट उचलून आत नेलंस? सासूबाई किती दिवस फुगून होत्या.

विजया : तुझं तर चांगलं सुचेता होतं. काहून पुसायचं?

भालचंद्र : तेव्हा मला वाटलं होतं, तू उगाच ताणतेयस.

विजया : बरं. झालं ते झालं. तुमचा पासपोर्ट तर आहे ना, मलेशियाला गेले होते तेव्हाचा, मागच्या वर्षी नवा करून घेतलेला. तुम्ही जा.

भालचंद्र : एकटा? मुळीच नाही.

विजया : अहो, रवी सव्वादोन वर्षं एकटा आहे तिथं. वाट बघून राहिला असेल. चिवडा, लाडू, सगळं पोचवा त्याला. त्याला वाटायला नको की दोघांतलं कुणीच नाही आलं.

भालचंद्र : मी तिथं जाऊन काय करू? हे सगळं तुझ्यासाठी मांडलं होतं.

सुचेता : बाबा, आई बरोबर बोलतेय. दादाची रजा मंजूर आहे. निदान तुम्ही तरी जा.

भालचंद्र : मला नाही जाववणार, सुचेता. विमानात शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी भलताच बसलेला असेल.

विजया : लिमाला रवीजवळ राहा पंधरा दिवस. बाजारात जा, त्याच्या हातचं जेवा. कुस्को परत घाला हवं तर, तुम्हाला दगड आवडतात.

भालचंद्र : आणि पुनो?

विजया : पुनोला नका जाऊ.

भालचंद्र : फोटो काढून आणले असते.

विजया : नको. वाईट वाटून घेऊ नका, पण तेवढं एक नका बघू. तुम्ही बघून आलात तर मग तुम्ही मला सांगाल. उंची किती, खोली किती, सगळं मोजून सांगाल. मला ते ऐकवणार नाही. ते माझं आहे.

भालचंद्र : बरं.

विजया : मारा रेघ.

भालचंद्र : माझ्या हातून नाही होणार.

विजया : सुचेता, तू मार गं.

सुचेता : मारली.

विजया : तू रडतेस काहून? मी रडत नाहीये ना. ते पत्र काय म्हणते, वाच मला नीट. अर्ज टाकून तर देता येत नाही आता.

सुचेता : नाही, पूर्ण करून टाकू. दादा पुढे कुठे गेला, काही ठरलं, तर हातात असलेला बरा. प्रतिज्ञापत्र करायचं, की मी कमलिनी देशकर आणि विजया आठल्ये, एकच आहे. नोटरीकडे जाऊ उद्या.

विजया : मग पासपोर्टावर नाव कोणतं छापतील?

सुचेता : तू सांगशील ते. पुढे जे ठेवायचं ते त्यात लिहायचं.

विजया : कोणतंही?

सुचेता : दोन्हीतलं कोणतंही.

विजया : मग कमलिनी लिही.

भालचंद्र : कमलिनी.

विजया : चालेल ना तुम्हाला?

भालचंद्र : मला काय विचारतेस? लिही. छान आहे. फक्त...

सुचेता : बाबा, आता फक्त नको.

भालचंद्र : नाही, सांगू दे. परत न सांगता करायला नको काही. पासपोर्टावर कमलिनी आलं, की बाकी सगळीकडे तेच करावं लागेल. कारखान्याच्या दवाखान्याचं कार्ड विजया. हे घर दोघांच्या नावावर, तिथं विजया. बँक, मतदार यादी, गॅस. आणि माझ्या पेन्शनच्या कागदांवर, माझ्यामागे कोण, तर विजया. उद्या मी गेलो आणि तू कमलिनी म्हणून खिडकीशी उभी राहिलीस, तर ते तुला ओळखणार नाहीत.

विजया : सगळं बदलायला किती दिवस लागतील?

भालचंद्र : नाही सांगता येत.

विजया : तुम्हाला नाही सांगता येत?

भालचंद्र : नाही. आता कशाचंच नाही सांगता येत. तू म्हणत असशील तर उद्यापासून एकेका खिडकीला जातो. पण माझं वय अडुसष्ट. मध्येच काही झालं, तर तू ना इकडची ना तिकडची. मला भीती वाटते.

सुचेता : आई, तू ठरव. कोई जल्दी नहीं है. उद्यापर्यंत विचार कर.

विजया : विचार काय करायचा त्यात? विजयाच लिही.

सुचेता : नक्की?

विजया : लिही. तिचे कागद जास्त आहेत.