अंगणातला बाक

बसा हो, उठू नका — दगडच आहे तो, मोडायचा नाही. माझ्या नवऱ्याचा आहे. म्हणजे त्याच्या थडग्यावर बसवायचा आहे — अहो, दचकायला काय झालं, तो खाली नाहीये, तो तिकडे चर्चमागं आहे, आणि जिवंतपणीसुद्धा त्यानं कुणाला कधी ऊठ म्हटलं नाही. बसा. केवढ्या धापा टाकताय. विश्रांतीला आलात ना आमच्या कॅरियाकू बेटावर? मग भर उन्हात ही टेकडी चढायला कुणी सांगितलं होतं — बायकोमुलं खाली वाळूत लोळतायत, आणि तुम्ही इथं वर, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. घ्या, पाणी प्या. पावसाचं आहे, टाकीतलं, काही होत नाही त्यानं. उतरलात कुठं? — निळ्या छपराच्या हॉटेलात? असं. चांगलं आहे म्हणतात. मी कशाला आत जातेय.

मग आमच्या ग्लेनिसला बघितलंच असेल. पिवळी टोपी, दोन मुली, आणि नवरा उन्हानं लालबुंद झालेला — हां, तीच. माझी मुलगी. एकुलती एक. टोरांटोत असते, तिकडे बर्फ पडतं म्हणून इकडे आलीय, सहकुटुंब. आता तुम्ही विचाराल — विचारत नाही, पण तोंडावर दिसतंय — की आईचं घर इथं असताना पोरगी हॉटेलात कशाला? तर मला त्रास नको म्हणून. फार जीव आहे तिचा माझ्यावर. मी गाद्या उन्हात टाकल्या, खिडक्यांना नवे पडदे शिवले, आणि मग तिचा फोन — आई, तू दगदग करू नकोस, आम्ही खालीच राहू, आणि या खेपेला ते विधी-बिधी काही काढू नकोस हं, आम्हाला नुसती विश्रांती हवीय. म्हटलं, घे बाई. डोंबलाची विश्रांती — सकाळी होडीतून मासे बघायला, दुपारी अंग रगडून घ्यायला, संध्याकाळी कुणीतरी योगासनं शिकवतं म्हणे. बसायला उसंत नाही पोरीला. त्यातूनही रविवारी आईकडे जेवायला येऊन गेली, तक्रार कशाला करू?

हे? तुरीचे दाणे. तुम्हीही सोला चार शेंगा, हात रिकामेच आहेत. मागं चुलाणावर बोकड शिजतोय, बाया मक्याचं पीठ घोटतायत — वास आला म्हणूनच चढून आलात की काय? आज दगड बसतोय ना. आमच्यात माणूस पुरला म्हणजे झालं असं नसतं. दगड बसेपर्यंत त्याला टेकायला जागा नाही, आणि दगड बसायचा तो मुलंबाळं समुद्रापलीकडून घरी आली की. लेकरानं स्वतः पाणी शिंपडायचं, वर थोडी रम, बापाला हाक मारायची, मग जेवणं आणि रात्रभर ढोल. माझा कॅन्यूट सहा वर्षं वाट बघतोय. होड्या बांधायचा तो, हात सतत चाललेला, असं नुसतं थांबून राहणं जमायचं नाही त्याला. स्वप्नात येतो. ओल्या पायांनी दारात उभा राहतो आणि विचारतो, आयोनी, पोरगी आली का? मी काय सांगू त्याला — आलीय, पण अंग रगडून घेतेय?

रविवारी आली होती ना. तुम्ही बसलात तिथंच बसली. नातींनी त्याच्यावरच ताटल्या ठेवून मासे खाल्ले, जावयानं फोटो काढले. दगड पालथा ठेवलाय मी, शेळ्या नाचतात, अक्षरं झिजतील म्हणून. आणि ग्लेनिस त्याच्यावरून हात फिरवून म्हणाली, "आई, बाक किती छान घेतलास गं." मी काय म्हटलं असेल? म्हटलं, सरबत घे अजून. सांगणार होते हो, अगदी ओठांवर आलं होतं. पालथा दगड तिला ओळखू येणार नाही एवढं मलाही कळतं. पण आल्यापासून तिनं एकदा तरी विचारायचं होतं, आई, बाबांच्या दगडाचं काय झालं? एकदा. मला फार लागलं ते. मग मीही आजचं काही सांगितलं नाही तिला. आणि गावाला काय सांगून बसलेय — सगळं ग्लेनिसनंच ठरवलंय, ती बघा चारला येतेय. ती गेलीय वाळूच्या बेटावर डबा घेऊन, आणि उद्या सकाळी त्यांची बोट. उंटावरून शेळ्या हाकायला टोरांटोहून दर रविवारी फोन करते, गोळी घेतलीस का, दार लावलंस का. करते, नाही असं नाही.

दगड न्यायला ट्रक आला वाटतं. हो, गॉडफ्रीच. तो, त्याचा भाऊ आणि शाळेचे मास्तर, झाले तीन. दगडाला माणसं लागतात चार. चौथी जागा जावयाची होती. तुम्ही काय करताय आत्ता? — विश्रांती, माहीत आहे मला. उठा. कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका. आधी उलटा करून घ्या त्याला, सांभाळून, हं, असा.

वाचलंत? मोठ्यानं नको, मास्तरांना ऐकू येतं. हो, तेच लिहिलंय. 'लाडकी लेक ग्लेनिस हिने उभारला.' तिला ठाऊक नाही. त्याची शेवटची होडी अर्धीच राहिली होती, ती विकली मी आणि कोरून घेतलं. असं बघू नका माझ्याकडे. एवढं वाचून तरी बरं वाटेल त्याला, दारात येऊन मला विचारणार नाही मग.

धरा ते टोक. आणि हॉटेलात ती दिसलीच, तर माझं काही सांगू नका — मी रडत होते वगैरे नाहीच, मी काही रडत नाहीये. एवढंच म्हणा, तुझ्या आईच्या अंगणातला बाक हलवला. चर्चमागं नेऊन ठेवलाय.

उचला.