तीस जानेवारीची मुलगी

आणि वर मलाच म्हणतात, आवाज चढवू नकोस! का नको चढवू? तुम्हीच सांगा, मी काय तारीख मागून घेतली होती? तीस जानेवारी! आमचे विठोजीअण्णा, म्हणजे माझे थोरले काका, रोज सकाळी चहाबरोबर घराला पेपरातलं ‘आजच्या दिवशी’ वाचून ऐकवतात. इतर दिवशी कुणी शास्त्रज्ञ जन्मतो, कुठे पूल बांधून होतो... माझ्या वाढदिवसाला? “आजच्या दिवशी इंग्लंडच्या चार्ल्स राजाचं मुंडकं उडवलं. आजच्या दिवशी हिटलरच्या हाती सत्ता आली. आजच्या दिवशी गांधीजींना...” इथे चष्मा काढून माझ्याकडे असं बघतात, जणू पिस्तूल मीच नेऊन दिलं! पहिली-दुसरीत होते हो मी! आई औक्षणाला उभी राहते, तोच हुतात्म्यांच्या मौनाचा अकराचा भोंगा. सगळ्यांच्या माना खाली, ताटातला शिरा गार!

यंदा बासष्ट सालात तर कहरच. विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत, मला नोकरी लागली! अट एकच, एकवीस वर्षं पूर्ण हवीत. म्हणून रुजू कधी व्हायचं? तीस जानेवारीला! नाही आलात, तर जागा दुसऱ्याला. आणि त्याच आठवड्यात शनिवारपासून आठ ग्रह मकरेत गोळा होणार, जग बुडणार! हसू नका. आमच्या जयनगरात निम्म्या घरांना कुलपं आहेत. समोरचे कृष्णमूर्ती बायकामुलांसकट गावी गेले, कुत्रं तेवढं मागे राहिलं... ते रडतं. ग्रहशांतीच्या होमांच्या धुरात रस्त्यावरचे दिवे दिसत नाहीत. मी भीत नाही हं! झोप येत नाही, ती धुरामुळे.

रुजू व्हायच्या सकाळी अण्णांची बायको, सकवारकाकू, दारातच आडवी आली, नेहमीसारखी कानडी मिसळत. “सरी, बरं बाई, जा की, पण स्वल्प, थोडे दिवस थांबून जा! कसली ही तारीख!”

“थांबून कधी जाऊ? जग बुडाल्यावर? आणि तारीख, तारीख काय! मी काय तारीख मागून घेतली होती?”

तर कोपऱ्यातून अण्णांचा बारीक आवाज... “तू नाही. मी घेतली.”

ऐका आता! मी घरात फार धुडगूस घालायचे म्हणून अण्णांनी मला वय वाढवून शाळेत घातलं. मास्तरांनी विचारलं, जन्मतारीख? अण्णांनी आदल्या जानेवारीत वाचलेलं आठवलं, आजच्या दिवशी अमेरिकेचे रूझवेल्ट जन्मले. “मोठ्या माणसाचा दिवस गं! पुढे त्याच दिवशी गांधीजींचं असं होईल, कुणाला ठाऊक?”

मी आनंदानं किंचाळले. म्हणजे मी तीस जानेवारीची नाहीच! मग कधीची? आई पदर चाचपत म्हणाली, “एक्केचाळीसच्या डिसेंबरात जपाननं अमेरिकेच्या आरमारावर बॉम्ब टाकल्याची बातमी रेडिओवर आली ना... तेव्हाच तू जन्मलीस, रडतच.”

घ्या! आणि त्या हिशेबानं मला नुकती कुठे वीस पूर्ण! एकवीस पूर्ण व्हायला डिसेंबर उजाडणार! अण्णांचा चेहरा असा उजळला... “देवच पावला! मी येतो तुझ्याबरोबर, साहेबांना खरं सांगतो. तुझं रुजू होणं आपोआप टळेल.”

ते चपला शोधताहेत तोवर मी बसमध्ये.

कारखान्यात हयवदन नावाचा कारकून, कपाळाला ताजा अंगारा. “जन्मतारीख?” मी तोंड उघडलं... आणि भोंगा! अकरा! यंत्रं थांबली, माना खाली गेल्या. मी खोटं जिभेवर धरून उभी. अशी शांतता, की वाटलं, आठही ग्रह कान देऊन ऐकताहेत. मौन संपल्याचा दुसरा भोंगा झाला.

“तीस जानेवारी.”

“अय्यो! आजच?” अभिनंदनाला पुढे केलेला हात त्यानं अर्ध्यातून मागे घेतला आणि कपाळाचा अंगारा चाचपला. मी सही ठोकली.

आता शनिवार परवावर आलाय. अण्णा रुसलेत, काकू भरदिवसा खिडक्या लावतेय, ते कुत्रं सकाळपासून रडलेलंसुद्धा नाही... जग बुडालं तर नोकरी गेली. नाही बुडालं तर दरवर्षी आहेच, आजच्या दिवशी! आणि आता ओरडायचीसुद्धा सोय नाही, मी काय तारीख मागून घेतली होती?

...घेतली की! सही करून!