मालकांचं नाव

ऐका मायबाप! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. नाव घेणं सोपं की अवघड? — सोपं म्हणता? टाळ वाजवायचे, मान डोलवायची, झालं! बरं. मग चिंचवाडीच्या विठ्ठल डांग्याची गोष्ट ऐका, आणि मग सांगा.

हा विठ्ठल हातभट्टीची दारू विकायचा. माल घरातच! आणि वर तोरा कसा? बायको अंजिरा काही बोलली, की हा गरजायचा — "माझं घर आहे! पटत नसेल तर चालती हो!" बिचारी जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढायची नाही. — हसू नका बायांनो, तुमच्यातही आहेत तशा! — अहो, भजनात नवरा पुढं बसून "विठ्ठल विठ्ठल" करत टाळ कुटायचा, आणि ही मागं नुसत्या टाळ्या वाजवायची. नवऱ्यापायी देवाचंही नाव सोडलेलं!

एके दिवशी भरदुपारी पोलिसांची धाड पडली. कणगीमागं दारूनं फुगलेल्या रबरी ट्यूबा सापडल्या. जमादारानं विचारलं, "घर कुणाचं रे?"

आता बोल की मर्दा! रोज घसा फोडून सांगत होतास ना?

विठ्ठल काय म्हणाला? — "तिच्या नावावर हाय, सायेब. सरकारी घरकुल. मला यातलं काय बी ठावं न्हाई."

झालं! बेकायदा दारू बाळगल्याचा खटला अंजिरावर!

तारखेला विठ्ठल कोर्टात मागच्या बाकावर बसला. मनाशी पक्कं होतं — जीव जाईल, पण ही नवऱ्याचं नाव घेणार नाही! बघा मंडळी, तिच्या धर्माची यानं आपल्या अधर्मासाठी ढाल केली!

न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"न्हाई, सायेब."

"मग दारू कुणाची?"

"मालकांची."

"अहो बाई, घराच्या मालक तर तुम्हीच!"

कोर्टात हशा पिकला. विठ्ठलही हसला — हो, हसला निलाजरा!

"तसं न्हवं, सायेब. माझ्या मालकांची. धन्याची."

"मग त्यांचं नाव तुमच्या तोंडून सांगा, कागदावरचं चालणार नाही. नाहीतर दोष तुमच्यावरच येईल."

अंजिराचे ओठ हलले. नाव येईना. डोळे भरले. मग ती वळली आणि तिनं मागच्या बाकाकडं हात केला.

"मला नाव घेता येत न्हाई. पर त्ये तितं बसल्यात. त्यांचं नाव त्यास्नीच इचारा."

सगळ्या माना वळल्या. न्यायाधीश म्हणाले, "उभे राहा. नाव काय तुमचं?"

किती सोपा प्रश्न! शेंबडं पोरही सांगेल. पण विठ्ठलाची जीभ टाळ्याला चिकटली! सांगावं तर बेडी, न सांगावं तर — ती समोर एकटी उभी! तिला लाजेनं नाव घेता येईना, याला भयानं. पण तिची लाज याच्यासाठी होती. आणि याचं भय? तेही याच्याच साठी! त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती रागानं बघत नव्हती हो. वाट बघत होती. तिथं तो मोडला.

"विठ्ठल..." त्यानं हात जोडले. "विठ्ठल येसू डांगे. दारू माझी हाय, सायेब. तिला सोडा."

पुढं चौकशी झाली. अंजिरा सुटली, विठ्ठल आत गेला, शिक्षा भोगून आला. मंडळी, ते नाव त्यानं भजनात हजारदा घेतलं असेल. पण खरं घेतलं ते त्या दिवशी! आरोपी म्हणून!

आता तुम्ही. गजराला टाळ उचललेत? — मृदंगबुवा, थांबा जरा. मायबाप, आपलं कुठलं पाप कुणाच्या नावावर चढवून इथं येऊन बसलात? बायकोच्या? भावाच्या? घरातल्या मुक्या सुनेच्या? ते आधी आपल्या नावावर घ्या. मग विठ्ठल म्हणा.

मी उभा आहे. घाई नाही.